तोंड कर माझ्याकडं

अजून सरंना दळण, सूप सारीते पलीकडं,
जागा ऱ्हा रे माझ्या राघू, तोंड कर माझ्याकडं.

डोक्यातली दुसरी ओळ संपायच्या आत मोहियोद्दीन उस्तादांचा पंजा शिवप्पाच्या गालावर बसला.

"कुठं गेलता?"

"इथंच हाय उस्ताद."

"इथं तुझं थोबाड हाय. तू कुठं गेलता ते विचारून राहिलो."

शिवप्पानं ग्लोव्ज पुन्हा उचलले, दोन्ही गालांना चिकटवले, हनुवटी आत घेतली. ग्लोव्जच्या फटीतून उस्तादांची पांढरी दाढी आणि त्यात अडकलेला कापसाचा एक तंतू दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला. फटीत अंधार भरला. मातीचा, भिजल्या शेणाचा, फुटलेल्या उतरंडीतल्या लोणच्याचा वास आला. आणि त्याचे हात, कुणी दोरी सोडावी तसे, आपोआप छातीपर्यंत उतरले.

उस्तादांनी या खेपेला मारलं नाही. हातातले पॅड काढून कापसाच्या ढिगावर टाकले.

लातुरात गंजगोलाई बाजाराच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं गाद्यांचं दुकान होतं. वडिलांनी पिंजण चालवलं, त्यांच्या वडिलांनीही. मोहियोद्दीन मात्र तरुणपणी हैदराबादेत राहून बॉक्सिंग शिकून आले आणि दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आढ्याला बॅग टांगून बसले. ती बॅगही त्यांनी स्वतःच शिवली होती. लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या गाद्यांचा कापूस तिच्यात ठासून भरला होता. कुणाच्या लग्नातली गादी, कुणाच्या आजारपणातली. ठोसा बसला की आतून जुनी हवा सुटल्यासारखा आवाज यायचा.

"हारिसला बघितलंय तू?" उस्ताद खाली बसले.

"फोटूत."

"फोटूत सगळेच बघतात. नांदेडला न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या वर त्याचा फोटू, खाली गिऱ्हाईक. आता वय झालं, दम दुसऱ्या राउंडला उतरतो, हे सगळं खरं हाय. पण उजवा हात अजून तसाच हाय, मियाँ. आन् तू त्याच्यासमोर तोंड आसं उघडं ठेवणार, जसं काय फोटू काढायला बसला."

शिवप्पा हसला नाही. रविवारी नांदेडला त्याचा हारिसशी सामना होता. जिंकणाऱ्याला राज्याच्या शिबिरात घेणार होते. तिथून रेल्वेत लागलेली दोन-तीन पोरं उस्तादांनी पाहिली होती. हारिस त्यातला पहिला. आणि शिवप्पा लातूरच्या ट्यूशन एरियात सायकलला डबे लटकवून गल्लोगल्ली फिरत होता. एकदा टवाळ पोरांनी त्याचे डबे लाथाडले, तेव्हा तो तिघांशी एकटा भिडला. मार देण्यापेक्षा खाल्ला जास्त, पण पडला नाही. उस्तादांनी हे दुकानाच्या पायरीवरून बघितलं आणि त्याला आत बोलावून गुळाचा चहा पाजला. तिथून हे सुरू झालं. पुढच्या दोन वर्षांत त्यानं जे काही जिंकलं ते तसंच जिंकलं. तोंडावर झेलून, समोरच्याचे हात दमवून.

"ऐक," उस्ताद म्हणाले. "दोन राउंड बघीन. हात खाली दिसले तर तिसऱ्याला सोडणार न्हाई. हार मानली म्हणून टॉवेल टाकीन रिंगमध्ये. मग रेल्वे न्हाई, शिबिर न्हाई. तुझे डोळे तरी ऱ्हातील."

"न्हाई उस्ताद. टॉवेल नका टाकू."

"मग हात का ठेवत न्हाई वर?"

शिवप्पानं बॅगेला खांद्यानं ढकललं. ती हळूहळू झुलायला लागली.

"हात वर घेतले की अंधार व्हतो."

"डोळे उघडे ऱ्हातात की."

"तरी व्हतो." त्यानं दातांनी ग्लोव्हची नाडी सोडली. मग एका दमात, खाली बघत बोलला, "भूकंपात दगडाखाली व्हतो मी. पाच वर्साचा असंन. पलीकडून माझी आई, अव्वा, ओवी म्हणून राहिली व्हती. जागा ऱ्हा म्हणायची. तोंड कर माझ्याकडं म्हणायची. दिसत काय नव्हतं, पण आवाज यायचा तिकडं तोंड केलतं मी. लई येळ म्हणली ती."

"मग?"

"मग मला झोप लागली."

उस्तादांनी दाढीतला तंतू काढला आणि बोटांत धरून ठेवला.

"जाग आली तर आवाज बंद. मला दुपारी काढलं. तिला सांजच्याला." त्यानं ग्लोव्ज एकावर एक ठेवले. "मी झोपलो म्हणून गप झाली ती. तिला वाटलं आसंल, पोरगं गेलं. मग ती तरी कशाला ऱ्हाईल."

दाराशी डब्याचं झाकण वाजलं.

नागुबाई उंबऱ्यात उभी होती. एका हातात उस्तादांचा डबा, दुसऱ्या हातानं चौकट धरलेली. ती कधीपासून तिथं होती हे कुणालाच कळलं नाही. तिनं आत येऊन डबा कापसाच्या ढिगाजवळ टेकवला. "गरम हाय तवर खावा," एवढंच म्हणाली, तेही निम्मं हवेत विरलं, आणि गेली. कालचा रिकामा डबा कोपऱ्यात तसाच राहिला. नागुबाई रिकामा डबा मागं ठेवून गेली असं कधी झालं नव्हतं.

उस्तादांनी तो रिकामा डबा बघितला, मग दार बघितलं.

"हिनंच वाढवलं ना तुला?"

"हाव. शेजारची. एका भिंतीची घरं व्हती आमची. तिच्या बी घरात कुणी उरलं न्हाई."

*

नागुबाईची मेस म्हणजे ट्यूशन एरियातल्या एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याखाली मांडलेली लांब बाकडी. जुनं गाव दगडमातीचं होतं आणि गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली त्याच रात्री ते जमिनीला मिळालं. नवं गाव सरकारनं बांधून दिलं, ओळीत, एकासारखं एक. तिथं नागुबाईला आपलं दार ओळखायला चुन्यानं बोटं उमटवावी लागली होती. मग लातुरात राज्यभरातून पोरं ट्रंका घेऊन शिकायला यायला लागली, त्यांना भाकरी थापणारं कुणीतरी हवं होतं, आणि ती शिवाचा हात धरून इथं आली. शिवाची शाळा दहावीला सुटली, मेस टिकली.

तिचा आवाज घोगरा होता. रिकामं जातं फिरवावं तसा खरखरायचा. पोरं त्यावर हसायची आणि तिला ते चालायचं.

"मावशी, तुमचा आवाज एकदा रिपेअरला टाका," परभणीचा अनिमेष म्हणाला. ताटाशेजारी त्याचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडं होतं, त्यावर वरणाचा थेंब पडला होता.

"तुझा निकाल लागू दे, मग टाकते."

"म्हणजे कधीच नाही," त्याच्या शेजारची इरा म्हणाली, आणि बाकडं हसलं.

अनिमेषनं मोर्चा शिवप्पाकडे वळवला. "शिवादादा, बॉक्सिंगला निगेटिव्ह मार्किंग असतं का?"

"थोबाडावर बसतंय तेच निगेटिव्ह."

"मग तुझा स्कोअर तर उणे शंभर आला असेल आत्तापर्यंत."

"पोटात भाकरी हाय तवर बोलून घे," शिवप्पानं त्याच्या पाठीत हलकी बुक्की घातली. "सोमवारी रेल्वेवाला म्हणून बोलायचं माझ्यासंगं. तिकीट दाखवून."

पोरं हात धुऊन क्लासला पळाली. बाकड्यांवर वाळक्या भाकरीचे तुकडे आणि पेनाची टोपणं उरली. नागुबाई परातीत पीठ घेऊन बसली, पण पाणी घालायचं विसरून नुसतीच बोटं फिरवत राहिली. शिवप्पा समोर जेवत होता. डाव्या डोळ्याखाली त्याला उस्तादांच्या पंजाची लाली होती.

"शिवा."

"हं."

"जुन्या गावात आमचं दोघींचं एकच जातं व्हतं. तुझ्या घरात. पहाटं मी यायची. समोरासमोर बसायचो, एका खुंट्याला दोघींचे हात."

"हाव का."

"पहिली ओळ तुझी अव्वा म्हणायची. दुसरी मी. ती तिचीच म्हणायची आन् मी माझीच. दुसरीची ओळ कुणी उचलायची न्हाई. नियमच व्हता तसा जात्याचा."

शिवप्पानं मिरचीचं देठ ताटाच्या कडेला ठेवलं. "तू मग आता का म्हणत न्हाईस? इतकी वर्सं झाली, एक बी ओवी ऐकली न्हाई तुझ्या तोंडून."

नागुबाईनं पिठाकडं बघितलं. तिचे ओठ हलले. शिवप्पा भाकरीचा घास हातात धरून थांबला होता आणि त्याचं तोंड अगदी तसंच होतं, वाट बघणारं, जसं भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये तो तिला रोज विचारायचा, अव्वा शेवटी काय म्हणत होती गं. आणि ती दरवेळी म्हणायची, ओवी म्हणत होती. तेवढंच.

"ह्या घोगऱ्या आवाजात?" ती म्हणाली आणि तांब्या पिठात ओतला. जरा जास्तच ओतला. पीठ पातळ झालं.

शिवप्पा ताट घेऊन उठला.

"मी बी येते नांदेडला," ती पाठमोऱ्या शिवप्पाला म्हणाली.

तो वळला. त्याचा एकही सामना तिनं पाहिला नव्हता. पोराला मार बसताना बघायला मी काय दगड हाय का, असं म्हणायची.

"आन् मेस?"

"पोरांना एक दिस पोहे खाऊ दे. मरत न्हाईत."

*

नांदेडला मैदानात मंडप घातला होता आणि मंडपाच्या मधोमध रिंग. पुढच्या खुर्च्यांवर शिबिराचे निवड करणारे दोन साहेब बसले होते. त्यांच्यामागं सगळं नांदेड हारिसचं होतं. त्याच्या इतवारा मोहल्ल्यातली पोरं ढोलकं घेऊन आली होती. लातूरहून आलेली माणसं म्हणजे उस्ताद, नागुबाई, आणि क्लास बुडवून मागल्या बसनं आलेला अनिमेष.

हारिस कपडे बदलायच्या पडद्यामागं स्वतः चालत आला. उस्तादांना वाकून सलाम केला. शिवप्पा त्याच्याकडे बघतच राहिला. फोटोतल्या माणसाला कानशिलावर पांढरे केस नव्हते.

"उस्ताद, हा पोरगा तुमचा?"

"हाव."

हारिसनं शिवप्पाचं नाक निरखलं. ते दोनदा मोडून बसलं होतं. "थोबाडानंच आडवतो वाटतं."

"सवय हाय," शिवप्पा म्हणाला.

"वाईट सवय हाय, छोटे. मोडली पायजे." तो हसला. त्यात खवटपणा नव्हता. मग तो बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळू लागला. प्रत्येक वेढ्याला तो उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं एकेक करून वाकवत होता, जशी थंडीत म्हातारी माणसं वाकवतात. शिवप्पानं ते पाहिलं आणि नजर काढून घेतली. बघू नये ते बघितल्यासारखं त्याला वाटलं.

"पुढल्या वर्षी वयात बसणार न्हाई तो," उस्ताद हळूच म्हणाले. "हा शेवटचा. त्यामुळं सोडणार न्हाई तुला."

हेडगार्ड बांधलं तशी मंडपातली ढोलकी लांब गेली. कानांवर चामड्याची गादी बसली, कपाळ झाकलं.

पहिल्या राउंडला हारिसनं घाई केली नाही. तो रिंगमध्ये असा फिरत होता जसा कुणी आपल्या घराच्या अंगणात फिरतो. डावा हात लांब, हलका, नुसता विचारपूस करणारा. आणि मग उजवा. पहिला उजवा शिवप्पाच्या कपाळावर बसला, दुसरा गालाच्या हाडावर. शिवप्पा पुढं घुसला, बरगड्यांवर दोन घातले, तेवढेच. त्याचे हात छातीपाशी होते. उघड्या तोंडानं तो हारिसला शोधत होता आणि हारिसला त्याचं तोंड शोधावं लागत नव्हतं.

दुसऱ्या राउंडला हारिसचा श्वास वाजायला लागला. ठोशांमधलं अंतर वाढलं. पण अंतर संपलं की येणारा ठोसा तसाच होता. राउंड संपता संपता एक उजवा सरळ नाकावर आला आणि शिवप्पाचा एक गुडघा जमिनीला टेकला. पंचानं बोटं दाखवत मोजायला सुरुवात केली. हेडगार्ड डोळ्यांवर सरकलं होतं. काळं, चामड्याचा वास. पंच आठ म्हणाला तेव्हा तो उभा होता, पण हेडगार्ड सारून उघडं तोंड त्यानं मंडपात भलतीकडेच वळवलं होतं, जिथं कुणी नव्हतं तिथं.

घंटा झाली. उस्तादांनी स्टूल ठेवलं. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल आता त्यांच्या हातात होता.

"बस मियाँ," ते म्हणाले. "खेळलास. आता बस."

"एक राउंड उस्ताद. तो दमलाय. ऐका तरी त्याचा श्वास."

"तो दमलाय, पण तू मरशील. दोन राउंड म्हणलं व्हतं मी."

शिवप्पानं ग्लोव्ज वर घ्यायचा प्रयत्न केला, दाखवायला. ते गालापर्यंत आले आणि तिथूनच परत छातीवर उतरले.

खुर्च्यांच्या रांगेतून कुणीतरी येत होतं. कमरेला पदर खोचलेला, पायात चप्पल नाही. नागुबाईनं वाटेतल्या एका माणसाच्या खांद्याला धरून जागा केली आणि थेट दोरीपाशी आली. तिनं उस्तादांच्या हातातला टॉवेल घेतला. मागितला नाही, घेतला. घडी करून काखेत धरला.

"बाई, हे काय करून राहिल्या?" उस्ताद म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. दोरीखालून हात घालून तिनं शिवप्पाचा घोटा धरला.

"शिवा. मी हितं हाय. तू हात वर घे."

"अंधार व्हतो मावशी."

"व्हऊ दे. मी बोलत ऱ्हाते. मी बोलायची थांबणार न्हाई. तू झोपलास तरी न्हाई थांबणार."

घंटा झाली.

शिवप्पा उठला. हात वर घेतले. ग्लोव्ज गालाला लागले आणि फटीत अंधार भरला, नेहमीसारखाच, मातीचा वास घेऊन. हात खाली यायला निघाले.

"शिवा, पीठ काल पातळ झालं बघ," दोरीबाहेरून खरखरीत आवाज आला. "भाकरी वळंना. मग मी त्याच्यात आजून पीठ घातलं. आता ते उंद्या पोरांना खपवायचं. परभणीचं पोरगं म्हणंल, मावशी, भाकरी जाड झाली. म्हणू दे."

हात थांबले.

हारिसचा डावा ग्लोव्हवर आदळला. मग उजवा, तोही ग्लोव्हवर. धक्का बसला, पण तो दारावर बसावा तसा. शिवप्पा दाराच्या आत होता.

"मीठ सरलंय," आवाज म्हणाला. "जाताना आठवण कर. आन् पत्रा गळतोय चुलीवर, तो बी बघायचाय तुला. रेल्वेचं रेल्वे बघंल, पत्रा तुलाच बघायचाय."

टेबलाजवळचा एक बॅजवाला माणूस उठून आला. "आजी, बाहेरून शिकवायचं नसतं. नियम आहे. बाद करतील त्याला."

"मी काय शिकवून राहिले?" नागुबाईनं रिंगवरून नजर काढली नाही. "मिठाचं बोलून राहिले मी. तुमच्या नियमात मीठ हाय का?"

माणूस उस्तादांकडे बघू लागला. उस्तादांनी हात जोडले. माणूस परत जाऊन बसला आणि शेजारच्याच्या कानाशी काहीतरी बोलला, दोघं हसू दाबत राहिले.

रिंगमध्ये हारिसचे ठोसे ग्लोव्जवर, कोपरांवर, दंडांवर पडत होते. त्याला तोंड सापडत नव्हतं. दोन राउंड जे दार उघडं होतं ते त्याला बंद मिळालं होतं आणि आता ठोठावून त्याचे हात जड व्हायला लागले होते. फटीतून शिवप्पाला ते दिसलं. उजवा खांदा खाली आला. श्वास आत जाताना वाजला. दर ठोशानंतर हारिस पाय सावरायला एक पाऊल जास्त घेत होता.

"जोंधळा निवडायचा हाय," आवाज आता फाटत चालला होता, पण थांबत नव्हता. "अर्ध्या पोत्यात खडेच निघाले. शिवा, ऐकू येतंय का? न्हाई आलं तरी मी बोलते."

शिवप्पा आत घुसला. बरगडी. पुन्हा बरगडी. हारिसनं मिठी मारली, पंचानं सोडवलं. शिवप्पानं हात पुन्हा गालांना लावले. अंधार होता, पण तो आता नुसता अंधार होता, डोळ्यांपुढचा. बाहेर कुणीतरी होतं. तो पुढं गेला. डावा पोटात, उजवा वरून, आणि हारिस पहिल्यांदा दोरीला टेकला. ढोलकी थांबली.

शेवटची घंटा झाली तेव्हा दोघंही एकमेकांच्या खांद्यावर भार देऊन उभे होते, जणू एकानं सरकायचं म्हटलं तर दुसरा पडेल.

निकालाला वेळ लागला. कागद इकडून तिकडे गेले, तिन्ही राउंडच्या ठोशांची बेरीज पुन्हा झाली. मग पंचानं मध्ये उभं राहून दोघांची मनगटं धरली आणि शिवप्पाचा हात वर केला. मंडपात आधी काहीच आवाज झाला नाही. मग एकट्या अनिमेषचा झाला, आणि त्यानं लाजून आजूबाजूला बघितलं.

शिवप्पा पंचाकडे बघत नव्हता. तो दोरीपलीकडे बघत होता. नागुबाई जमिनीवर बसली होती, मांडीवर टॉवेल, आणि उस्ताद तिला पाण्याचा ग्लास देत होते.

हारिसनं दातांनी नाडी सोडून ग्लोव्ह काढला आणि उघड्या, सुजलेल्या हातानं शिवप्पाची मान धरली.

"पहिल्या दोन राउंडला तोंड कुणासाठी उघडं ठेवलं व्हतं बे?"

शिवप्पानं ग्लोव्हनं नाकातलं रक्त पुसलं.

"अम्माला सांग," हारिस म्हणाला, "मी बी ऐकत व्हतो. मीठ घ्यायला इसरू नका म्हणावं." मग तो दोरी उचलून, कुणाच्या मदतीशिवाय, सावकाश खाली उतरला. इतवाऱ्याच्या पोरांनी त्याच्यासाठी ढोलकं पुन्हा वाजवायला घेतलं. आधी एकानं, मग सगळ्यांनी.

*

बसस्थानकात लातूरची गाडी अजून लागली नव्हती. उस्ताद अनिमेषला घेऊन चहा आणायला गेले होते. जाताना अनिमेषच्या हातात त्यांनी शिवप्पाची पिशवी दिली होती आणि रसायनशास्त्राबद्दल काहीतरी विचारलं होतं. सांज उतरत होती. गुरुद्वाऱ्याकडून येणाऱ्या रिक्षा माणसं उतरवून परत वळत होत्या.

नागुबाई बाकावर बसली होती. शिवप्पा तिच्या शेजारी. त्याचा डावा डोळा जवळजवळ मिटला होता, नाकात कापूस होता. कापूस उस्तादांच्या दुकानातला, सोबत आणलेला.

"शिबिराचे साहेब म्हणले, पुढल्या हप्त्यात निरोप येईल," तो म्हणाला. "पत्रा तोवर बघतो मी."

तिनं मान हलवली.

"काय गं, बोल की."

तिनं गळ्यावर हात ठेवला. तोंड उघडलं तर नुसती हवा आली.

"बसला व्हय आवाज?" शिवप्पा हसला आणि हसताना ओठ दुखला म्हणून थांबला. "इतकं बोलायचं आसतं का? गरम पाणी घे. येईल परत."

नागुबाईनं पदरानं तोंड पुसलं. टॉवेल अजून तिच्या मांडीवर होता. घडी उलगडली, पुन्हा घातली. मग तिनं शिवप्पाची हनुवटी दोन बोटांनी धरली आणि सुजलेलं तोंड आपल्याकडे वळवलं. तिचा आवाज आला तो आवाज नव्हताच, सुपातून कोंडा उडावा तसा होता, आणि ऐकायला शिवप्पाला कान तिच्या ओठांजवळ न्यावा लागला.

"सगळा न्हाई आला परत. मागल्या येळंला."

"मागल्या म्हंजी कवा?"

"तू दगडाखाली व्हतास तवा."

गाडी लागल्याची घोषणा झाली. माणसं पिशव्या घेऊन उठली. शिवप्पा हलला नाही.

"तुझी अव्वा पहिल्याच हादऱ्याला गेली व्हती, शिवा. मी भाईर व्हते. तिची ओळ बी मीच म्हणली, माझी बी मीच. तू अव्वा म्हणून हाक मारायचास, मी व्हय म्हणायची. नंतर तुला तीच पायजे व्हती, म्हणून ऱ्हाऊ दिलं." ती थांबली, गिळली, पुन्हा जोर केला. "तू झोपलास म्हणून न्हाई गप झाले रे मी. माझा घसा गेला व्हता."